चौकोनांना घर देणारे फादर : मत्तेओ रिची



चौरस हा आयत आहे की नाही? प्रश्न अगदी साधा वाटतो. पण एकदा घरी विचारून पाहा. आठवीत शिकणारी नात म्हणेल, आहे. आजोबा म्हणतील, छे! चौरस तो चौरस आणि आयत तो आयत. मध्यंतरी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्ही काही जण उभे होतो, तेव्हा एका मुलीच्या गृहपाठावरून असाच वाद रंगला. शिक्षक असलेले एक जण नातीच्या बाजूने, सुतारकाम केलेले दुसरे आजोबांच्या बाजूने. घरी जाऊन पुस्तके चाळली तेव्हा आम्हाला कळले की, कुणाचेच चुकले नव्हते. आणि हाच वाद ज्यांनी चारशे वर्षांपूर्वी एका परक्या भाषेत नीट मांडून दाखवला, ते एक येशूसंघीय धर्मगुरू होते. काही काळ ते आपल्या गोव्यातही राहून गेले होते. त्यांचे नाव फा. मत्तेओ रिची. त्यांची आणि त्यांच्या चौकोनांची ओळख आज करून घेऊ या.

माचेराताचा मुलगा

मत्तेओ रिची यांचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ रोजी इटलीतील माचेराता या गावी झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संत फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्यावरील सांचियन बेटावर, चीनमध्ये पाऊल टाकण्याची वाट पाहत असतानाच, देवाघरी गेले. झेवियर ज्या दारापाशी थांबले, ते दार उघडणारे मूल त्याच वर्षी जन्माला आले होते, असे म्हणायला हरकत नाही.

वडील औषधे तयार करून विकणारे. थोरल्या मुलाने वकील व्हावे, अशी त्यांची इच्छा. म्हणून १५६८ मध्ये त्यांनी मत्तेओला कायदा शिकायला रोमला पाठवले. मत्तेओने तीन वर्षे अभ्यास केला आणि १५ ऑगस्ट १५७१ रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, येशूसंघात प्रवेश केला. मुलाला परत आणायला वडील निघाले, पण वाटेतच तापाने आजारी पडले आणि ही देवाचीच इच्छा असेल असे समजून माघारी वळले, असे सांगतात.

रोममधील येशूसंघाच्या महाविद्यालयात रिची यांना गणित शिकवायला होते फा. क्रिस्टोफर क्लाव्हियुस. आज आपण जी दिनदर्शिका वापरतो ती १५८२ मध्ये तयार झाली, त्या कामात या क्लाव्हियुस यांचा मोठा वाटा होता. त्यांनी १५७४ मध्ये युक्लिडच्या भूमितीची सविस्तर टीपांसह नवी आवृत्ती छापली. तेव्हा रिची रोममध्येच शिकत होते. हे पुस्तक पुढे त्यांच्याबरोबर अर्धे जग फिरले.

गोवा आणि कोची

मार्च १५७८ मध्ये लिस्बनहून निघालेली जहाजे सप्टेंबरमध्ये गोव्याला पोहोचली. त्या तुकडीत रिची होते, फा. मिकेले रुज्जेरी होते आणि पुढे अकबर बादशहाच्या दरबारात गेलेले व १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे हुतात्मा झालेले फा. रुदोल्फ आक्वाविवाही होते. पुढच्या वर्षी, १५७९ मध्ये, फा. थॉमस स्टीफन्स गोव्याला आले. त्यांचे मराठी क्रिस्तपुराण आपल्याला ठाऊक आहे. एकाच काळात आलेली ही माणसे. एकाने मराठीत लिहिले, दुसऱ्याने चिनी भाषेत.

रिची गोव्यात ईशज्ञान शिकले आणि तेथील महाविद्यालयात लॅटिन व ग्रीक शिकवू लागले. इथली हवा त्यांना मानवली नाही. आजारपणामुळे त्यांना कोचीला पाठवण्यात आले आणि तेथेच जुलै १५८० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. म्हणजे या थोर मिशनऱ्याचे धर्मगुरू म्हणून जीवन भारताच्या भूमीवर सुरू झाले.

त्यांच्या गोव्यातील दिवसांची एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. त्या वेळी इथल्या मुलांना तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचे वरचे शिक्षण देऊ नये, असा विचार वरिष्ठांत बळावला होता. तीस वर्षांचेही नसलेल्या रिची यांनी १५८१ मध्ये रोमला पत्र लिहून याला स्पष्ट विरोध नोंदवला. युरोपीय मुलाला जे शिकवता ते भारतीय मुलालाही शिकवा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे चीनमध्ये त्यांनी जे केले, त्याचे बीज इथे दिसते.

चीनच्या दारात

१५८२ मध्ये ते मकावला गेले आणि चिनी भाषा शिकू लागले. सप्टेंबर १५८३ मध्ये रुज्जेरी आणि ते झाओचिंग या शहरात राहू लागले. घरात घड्याळ होते, त्रिकोणी काच होती, भिंतीवर जगाचा नकाशा होता. तो नकाशा १५८४ मध्ये चिनी नावांसह छापला गेला. १५८९ मध्ये नव्या अधिकाऱ्याने त्यांना तेथून घालवले. तेव्हा ते शाओझोऊला गेले. मग नानचांग, मग नानजिंग. एकेक पायरी चढत २४ जानेवारी १६०१ रोजी ते राजधानी बीजिंगला पोहोचले. सुरुवातीला ते बौद्ध भिक्षूंसारखा वेश करीत. १५९५ पासून त्यांनी विद्वानांचा रेशमी झगा घातला, कारण या देशात मान विद्येला आहे, हे त्यांनी ओळखले होते. चिनी लोक त्यांना ली मातऊ म्हणत.

शाओझोऊमध्ये चू ताईसू नावाचे एक गृहस्थ त्यांच्याकडे आले. परदेशी फादरांना चांदी बनवण्याची विद्या येते, अशी त्यांची समजूत होती. चांदीची विद्या मिळाली नाही, पण रिची यांनी त्यांना गणित शिकवले. चू इतके रमले की, त्यांनी युक्लिडचा पहिला भाग स्वतःच चिनी भाषेत उतरवून पाहिला. पुढे १६०५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

शेताचा आकार आणि चौकोनाचा गुण

आता आपण मूळ विषयाकडे येऊ. चीनमध्ये गणित नव्हते असे मुळीच नाही. तिथला प्राचीन ग्रंथ 'गणिताचे नऊ अध्याय' याची सुरुवातच शेतांच्या मोजणीने होते. त्यात चौरस व लांबट शेत आहे, तिरके शेत आहे आणि सुपाच्या आकाराचे शेतही आहे. धान्य पाखडायचे सूप एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असते ना, तसे. शाळेत आपण ज्याला समलंब चौकोन म्हणतो, तोच हा आकार. प्रत्येक शेताचे क्षेत्रफळ काढायचा नियम तिथे दिलेला आहे आणि तिसऱ्या शतकातील लिऊ हुई या विद्वानाने त्या नियमांची कारणेही समजावून सांगितली आहेत.

युक्लिडची रीत वेगळी होती. तो शेतापासून सुरुवात करीत नाही. आधी शब्दांचे अर्थ ठरवतो, मग काही गोष्टी गृहीत धरतो आणि तेवढ्याच भांडवलावर एकापुढे एक पायरी रचतो. चार बाजूंच्या आकृतीबद्दल तो दोनच प्रश्न विचारतो. बाजू समान आहेत का? कोन काटकोन आहेत का? दोन्हीचे उत्तर होय असेल तर चौरस. कोन काटकोन, पण सगळ्या बाजू समान नाहीत, तर आयत. बाजू समान, पण कोन काटकोन नाहीत, तर समभुज चौकोन. दोन्ही नाही, पण समोरासमोरच्या बाजू आणि समोरासमोरचे कोन समान, तर चौथा प्रकार, म्हणजे कललेला आयत. बाकी उरलेले सगळे चौकोन त्याने एकाच नावाखाली ठेवले.

हे वर्गीकरण कशासाठी? चार सारख्या लांबीच्या काठ्या घ्या आणि टोके सैल बांधा. काटकोनात उभ्या केल्या तर चौरस होतो. जरा ढकलल्या की तो कलतो. बाजू त्याच राहतात, पण आतली जागा कमी होते. प्रत्येक काठी १० मीटरची असेल, तर चौरसाचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर. तोच कलून एक कोन ३० अंशांचा झाला, तर उरतात फक्त ५० चौरस मीटर. म्हणजे चारी बाजू मोजून जमीन घेणारा माणूस अर्ध्या जमिनीला मुकू शकतो! नावामागचा गुण ठाऊक नसेल, तर नावाचा उपयोग नाही.

पॉल शू यांची साथ

हे सारे चिनी भाषेत आणायचे होते. रिची यांनी आधी एका विद्वानाबरोबर प्रयत्न करून पाहिला, पण जमले नाही. दोन्ही भाषांची घडण वेगळी, अनेक गोष्टींना चिनी शब्दच नाहीत. तोंडी सांगताना निभावते, लिहायला बसले की अडते, अशी अडचण त्यांनी पुढे प्रस्तावनेत नोंदवली आहे. समर्थ सोबती मिळेपर्यंत त्यांनी काम बाजूला ठेवले.

तो सोबती शांघायहून आला. शू ग्वांगची यांचा जन्म १५६२ मधला. घर साधे, परीक्षांत अनेकदा अपयश. १६०० मध्ये नानजिंगला त्यांची रिची यांच्याशी भेट झाली. १६०३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पॉल हे नाव स्वीकारले. पुढच्याच वर्षी ते साम्राज्याची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाले आणि बीजिंगच्या राजविद्यापीठात रुजू झाले.

१६०६ मध्ये काम सुरू झाले. पॉल शू रोज रिची यांच्या घरी येत. क्लाव्हियुस यांचे लॅटिन पुस्तक समोर ठेवून रिची चिनी भाषेत अर्थ सांगत आणि शू तो नेमक्या शब्दांत लिहून काढत. एकेक वाक्य उलटसुलट करून पाहायचे, शब्द बदलायचा, पुन्हा वाचायचे. सबंध मसुदा तीनदा तपासून लिहिला. १६०७ मध्ये पहिले सहा भाग बीजिंगमध्ये छापले गेले.

या पुस्तकातील चौकोनांची नावे पाहण्यासारखी आहेत. चौरसाला त्यांनी म्हटले काटकोनी चौकोन, ज्याच्या बाजूही समान आहेत. समभुज चौकोन म्हणजे तिरका चौकोन आणि चौथा प्रकार म्हणजे लांब तिरका चौकोन. मग हे चारही प्रकार मिळून त्यांना नाव दिले : नियम असलेले चौकोन. उरलेले सगळे, नियम नसलेले चौकोन. सुपाच्या आकाराचे ते शेत या दुसऱ्या गटात गेले.

इथवर पाहिले तर आजोबांचे म्हणणे खरे ठरते. चार घरे, चार दारे, चौरस वेगळा आणि आयत वेगळा. पण पुस्तक इथे थांबत नाही. युक्लिडच्या मूळ यादीत नसलेली एक व्याख्या क्लाव्हियुस यांनी जोडली होती, ती रिची व शू यांनीही घेतली. ज्या चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजूंच्या दोन्ही जोड्या समांतर आहेत, तो समांतरभुज चौकोन. या एका गुणाने पाहिले की काय होते? चौरस त्यात बसतो, आयत बसतो, समभुज चौकोन बसतो, कललेला आयतही बसतो. वेगवेगळ्या नावांची ती चारही घरे एकाच छपराखाली येतात! मग जे समांतरभुज चौकोनाबद्दल एकदा सिद्ध केले, ते चौघांनाही लागू. समोरासमोरच्या बाजू समान, समोरासमोरचे कोन समान, कर्ण त्याचे दोन समान भाग करतो. चार वेळा सिद्ध करायला नको. शाळेत आज मुले याच वाटेने पुढे जातात. आयत म्हणजे काटकोन असलेला समांतरभुज चौकोन. चौरसालाही काटकोन आहेत, म्हणून तोही आयत. तेव्हा नातीचेही खरेच. स्वतः युक्लिडसुद्धा दुसऱ्या भागात काटकोनी समांतरभुज चौकोनाबद्दल बोलतो, तेव्हा चौरसाला बाहेर ठेवीत नाही.

याच्या लगेच पुढची व्याख्या कर्णाविषयी आहे. तिचा उपयोग एका उदाहरणाने पाहू. १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असा आयत काढा. त्याचा एक कर्ण काढा. कर्णावर कुठेही एक बिंदू घ्या आणि त्यातून बाजूंना समांतर अशा दोन रेषा काढा. आयताचे चार तुकडे होतील. दोन तुकड्यांतून कर्ण जातो, दोन बाजूला उरतात. बिंदू लांबीच्या ९ व्या मीटरवर आणि रुंदीच्या ६ व्या मीटरवर घेतला, तर उरलेले दोन तुकडे होतात ९ गुणिले २ आणि ३ गुणिले ६. दोन्ही १८ चौरस मीटर! आकार वेगळे, जागा तेवढीच. बिंदू कर्णावर कुठेही सरकवा, दोन्ही समानच राहतील. का? कर्णाने मोठ्या आयताचे दोन समान भाग केले. कर्णावरच्या दोन छोट्या आयतांचेही त्यानेच दोन-दोन समान भाग केले. समानातून समान वजा केले की समानच उरते. कलत्या समांतरभुज चौकोनालाही हे जसेच्या तसे लागू पडते. मोजपट्टी न लावता, केवळ विचाराने हे कळते. पॉल शू यांना मोह पडला तो याचाच. हा ग्रंथ नीट शिकणाऱ्याचे मन काटेकोर होते आणि अहंकार गळतो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

थांबलेले काम

सहा भाग झाल्यावर शू यांची इच्छा होती की, उरलेले नऊ भागही लगेच करावेत. रिची नको म्हणाले. आधी हे सहा लोकांच्या उपयोगी पडतात का ते पाहू, मग ठरवू, असे त्यांचे मत पडले. त्याच वर्षी शू यांचे वडील वारले आणि रिवाजाप्रमाणे सुतक पाळण्यासाठी ते तीन वर्षे शांघायला गेले. ते बीजिंगला परत आले, तेव्हा रिची या जगात नव्हते. ११ मे १६१० रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांनी बीजिंगमध्ये देह ठेवला होता. उरलेले भाग पुढे १८५७ मध्ये, म्हणजे बरोबर अडीचशे वर्षांनी, ली शानलान आणि इंग्रज मिशनरी अलेक्झांडर वायली यांनी शांघायमध्ये पूर्ण केले.

रिची यांच्यावर त्यांच्या हयातीतच टीका होत असे. धर्मगुरूने घड्याळे दुरुस्त करावीत, नकाशे काढावेत, चौकोन शिकवावेत? त्यांच्या मृत्यूच्या वेळी चीनमध्ये सुमारे २५०० ख्रिस्ती होते. इतक्या अफाट देशात ही संख्या किती लहान! आम्हीही हे वाचताना क्षणभर थबकलो. पण सत्य कुणावर लादता येत नाही, ते समोरच्याला त्याच्या भाषेत, पायरी पायरीने पटावे लागते, ही गोष्ट त्यांनी भूमितीतही पाळली आणि श्रद्धेतही. त्यांच्या पश्चात पूर्वजांना मान देण्याच्या चिनी रिवाजांवरून ख्रिस्तसभेत मोठा वाद झाला. अठराव्या शतकात त्या रिवाजांना मनाई झाली आणि १९३९ मध्ये ती शिथिल करण्यात आली.

परदेशी माणसाला राजधानीत दफनासाठी जागा देण्याचा रिवाज नव्हता. रिची यांच्यासाठी सम्राटाने ती दिली. याला एवढा मान कशासाठी, असे दरबारातील एकाने विचारले. तेव्हा मंत्री ये शियांगगाओ यांनी उत्तर दिले की, केवळ त्या भूमितीच्या पुस्तकासाठीही हा मान योग्यच आहे, असे रिची यांच्या जुन्या चिनी चरित्रात नमूद आहे. १९०० च्या बॉक्सर उठावात ते थडगे उद्ध्वस्त झाले, सांस्कृतिक क्रांतीतही त्याला धक्का बसला, पण प्रत्येक वेळी ते पुन्हा उभे राहिले.

पॉल शू पुढे मंत्रिपदापर्यंत चढले. त्यांनी शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला, पंचांग सुधारण्याचे काम हाती घेतले आणि १६३३ मध्ये ते वारले. दोघांनी मिळून घडवलेले बिंदू, रेषा, समांतर, कर्ण या अर्थाचे अनेक शब्द चीनमधील शाळकरी मुले आजही वापरतात. भूमितीला चिनी भाषेत जो शब्द आहे, तोही याच पुस्तकाच्या नावातला.

१७ डिसेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने मत्तेओ रिची यांना पूजनीय म्हणून घोषित करण्यात आले.

त्या रविवारी आवारात वाद घालणाऱ्या आम्हा सर्वांना हे नंतर सांगितले. सुतारकाम केलेले आमचे मित्र हसले. म्हणाले, दाराची चौकट बसवताना समोरासमोरच्या बाजू सारख्या करतो, मग दोन्ही कर्ण मापतो. कर्ण सारखे भरले की कोन काटकोन. नाहीतर चौकट कललेली. गुण्या नसला तरी चालतो. हे आपल्याला बापाने शिकवले, पण का ते कधी कुणी सांगितले नव्हते. ती आठवीतली मुलगी शेजारीच उभी होती. तिने वहीचे पान उलटले आणि त्यांना कारण समजावून सांगू लागली.